पेढा नको, पण बत्तासा चालेल का?

तुळजापूरला जाऊन आलेले शेजारी प्रसादाची पुडी हातावर ठेवतात. पुडीत एखादा पेढा, चार बत्तासे, थोडे साखरफुटाणे, चुरमुरे आणि फुटाणे असतात. घरात एकाने दूध-तूप सोडलेले असते, दुसऱ्याला मधुमेह असतो. काही घरांत तर ही दोन्ही पथ्ये एकाच माणसाच्या वाट्याला आलेली असतात. पेढा बाजूला निघतो. उरलेले सगळे 'बिनदुधाचे' म्हणून निर्धास्त खाल्ले जाते. दोन तासांनी ग्लुकोमीटरवरचा आकडा पाहून मात्र कोडे पडते: दूध नाही, तूप नाही, मग साखर वाढली कशाने?

वाचकांकडून हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत वारंवार येतो. कुणी विचारतात, गुळाची चिक्की व्हेगन आहे, मग बाबांना देऊ का? कुणी विचारतात, पाकिटावर हिरवा ठिपका आहे, मग त्यात दूध कसे? कुणाला 'शुगर-फ्री' लाडवांचा डबा भेट आलेला असतो. या सगळ्या गोंधळाचे मूळ एकच आहे. आपण दोन वेगळ्या प्रश्नांचे एकच उत्तर शोधत असतो. ते वेगळे करता आले, की दुकानात, जत्रेत, लग्नात आणि घरच्या स्वयंपाकघरातही निवड करणे सोपे जाते.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

कोणताही गोड पदार्थ समोर आला की स्वतःला हे दोन प्रश्न याच क्रमाने विचारा.

१. यात प्राण्यांपासून आलेले काही आहे का? दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, छेना, मध किंवा जिलेटिन यांपैकी काहीही असेल तर पदार्थ व्हेगन नाही.

२. यातून माझ्या पोटात किती कर्बोदके जाणार? रक्तातली साखर मुख्यतः कर्बोदकांमुळे वाढते. ती साखरेतून आली, गुळातून आली, मैद्यातून आली की साबुदाण्यातून, याने मोठा फरक पडत नाही.

आता प्रसादाची पुडी पुन्हा उघडा.

- पेढा: दोन्ही प्रश्नांत बाद. खवा दुधाचा, वर साखर.
- बत्तासे, साखरफुटाणे, पाडव्याच्या गाठी: पहिल्या प्रश्नात पास, दुसऱ्यात पूर्ण नापास. बत्तासा आणि गाठी म्हणजे जवळजवळ निव्वळ साखर.
- चुरमुरे: व्हेगन आहेत, पण ते तांदळाचे. हलके लागतात म्हणून ओंजळीमागून ओंजळ खाल्ली जाते. मूठभरावर थांबा.
- फुटाणे: दोन्ही प्रश्नांत पास. ३० ग्रॅम, म्हणजे एक मूठ फुटाण्यांत साधारण १८ ग्रॅम कर्बोदके असतात. सोबत सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि भरपूर तंतू असल्याने साखर सावकाश वाढते.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात गोडाचे नाव खव्याशी जोडलेले आहे. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असाच तो आहे. पण 'गोड म्हणजे खवा' या सवयीमुळे 'खवा नाही म्हणजे धोका नाही' असा उलटा समजही घट्ट बसला आहे. पेढ्यातला खवा व्हेगन माणसाला अडतो; मधुमेह्याला अडते ती मुख्यतः त्यातली साखर. खवा काढला तरी साखर तिथेच राहते.

गूळ, खजूर, नारळसाखर: नाव बदलले तरी मोजा

ऊस आणि गुऱ्हाळे अंगवळणी पडलेल्या आपल्या भागात 'गूळ औषधी, साखर वाईट' असे सहज म्हटले जाते. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे. पण १० ग्रॅम साखरेत १० ग्रॅम कर्बोदके असतील, तर १० ग्रॅम गुळातही नऊ ग्रॅमच्या वर असतात. मधुमेहात गूळ साखरेइतकाच जपून खायचा. सेंद्रिय असला तरी, काळा असला तरी.

- खजूर: बी काढलेल्या १०० ग्रॅम खजुरात सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदके असतात. आठ ग्रॅमच्या लहान खजुरात सहा ग्रॅम, तर २४ ग्रॅमच्या मोठ्या मेदजूल खजुरात १८ ग्रॅम. म्हणून 'दोन खजूर' हे माप पुरेसे नाही. कोणते खजूर, तेही पाहा.
- नारळसाखर, खजुराचे सिरप, ब्राऊन शुगर: या साखरच आहेत. जादा पैसे मोजून साखर कमी होत नाही.
- मध: पहिल्याच प्रश्नात बाद होतो, मधुमेहालाही तो साखरेसारखाच.
- उसाचा रस: रसवंतीवरचा २५० मिलिलिटरचा ग्लास पूर्ण व्हेगन, पण त्यात ३० ग्रॅमहून जास्त साखर. द्रवात असल्याने ती झटकन रक्तात उतरते. मधुमेह्यांनी तो टाळलेलाच बरा.

पाकीट हातात घेतल्यावर पाच ठिकाणी नजर टाका

समोरच्या बाजूची मोठी अक्षरे विक्रीसाठी असतात. तुमच्या कामाचा मजकूर मागे, बारीक अक्षरांत असतो.

१. खूण. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. दूध, तूप आणि मध असलेल्या पदार्थावरही तो असतो. व्हेगन पदार्थासाठी वेगळी खूण आहे: चौकटीत हिरवे इंग्रजी 'व्ही' अक्षर, त्यावर छोटे पान आणि खाली 'व्हेगन' हा शब्द. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२२ मध्ये व्हेगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले. मात्र ही खूण नाही म्हणून पदार्थ व्हेगन नाही असे समजू नका. साध्या फुटाण्यांच्या पाकिटावर ती क्वचितच दिसेल.

२. घटकांची यादी. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो यादीत पहिला लिहावा लागतो. पहिल्या तिनांत साखर, गूळ किंवा सिरप असेल तर पाकीट परत ठेवा.
   - साखरेची दुसरी नावे: लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन. शेवटचे चवीला फारसे गोड नसते, पण रक्तातली साखर वेगाने वाढवते.
   - दुधाची दुसरी नावे: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, लॅक्टोज, बटर ऑइल.
   - चकचकीत गोळ्यांवर क्रमांक पाहा: १२० म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग, ९०४ म्हणजे लाखेचा थर. दोन्ही व्हेगन नाहीत.

३. ॲलर्जीची सूचना. यादीखाली 'यात दूध आहे' अशा अर्थाची ओळ शोधा. ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांनी 'दुधाचा अंश असू शकतो' ही ओळही गांभीर्याने घ्यावी.

४. पोषणाचा तक्ता. 'एकूण कर्बोदके', 'एकूण साखर' आणि 'वरून घातलेली साखर' हे तीन आकडे वाचा. ते बहुधा १०० ग्रॅमचे असतात, म्हणून तुम्ही खाणार तेवढ्या वजनाचा हिशेब करा. १०० ग्रॅमला ६० ग्रॅम कर्बोदके असतील, तर २५ ग्रॅमच्या लाडवात १५ ग्रॅम.

५. स्निग्धांश. तुपाऐवजी वनस्पती तूप किंवा पामतेल वापरले की पदार्थ व्हेगन होतो, हृदयाला हितकर होतोच असे नाही. जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण संतृप्त चरबीचा आकडा तुम्हालाच पाहावा लागतो. मधुमेहात हृदयविकाराचा धोका आधीच वाढलेला असतो, म्हणून हा तपशील सोडू नका.

'शुगर-फ्री' म्हणजे नेमके काय?

भारतातल्या नियमानुसार १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच पदार्थाला 'शुगर-फ्री' म्हणता येते. पण नियम साखरेपुरता आहे. मैदा, तांदूळ किंवा माल्टोडेक्स्ट्रिन यांची कर्बोदके त्यात राहू शकतात. 'नो ॲडेड शुगर' याचा अर्थ तर आणखी मर्यादित: वरून साखर घातलेली नाही, एवढाच. खजुराच्या लाडवात खजुराची स्वतःची साखर असतेच.

गोडीसाठी वापरल्या जाणाऱ्या पर्यायांबद्दल निर्णयापुरते एवढे लक्षात ठेवा:

- स्टीव्हिया, सुक्रालोज: साखर थेट वाढवत नाहीत. मात्र त्यांच्या भुकटीत जागा भरायला डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लॅक्टोज मिसळलेले असू शकते. बारीक गोळ्यांच्या डबीत लॅक्टोज बऱ्याचदा सापडते, आणि लॅक्टोज दुधापासून येते. व्हेगन वाचकांची फसगत नेमकी इथे होते.
- अस्पार्टेम: उष्णतेने गोडी जाते, म्हणून उकळत्या खिरीत घालून उपयोग नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी ते घेऊ नये.
- माल्टिटॉल: 'शुगर-फ्री' चॉकलेट आणि मिठाईत सर्रास असते. साखरेपेक्षा कमी, पण रक्तातली साखर वाढवते. जास्त खाल्ले तर पोटात गुबारा धरतो, जुलाब होतात.
- एरिथ्रिटॉल: साखर फारशी वाढवत नाही, पण हेही प्रमाणातच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्टीव्हिया, सुक्रालोज, अस्पार्टेम यांसारखे पर्याय वापरू नयेत असा सल्ला दिला. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू केलेला नव्हता. त्यामुळे तुम्ही ते अधूनमधून वापरू शकता. पण जिभेला कमी गोडाची सवय लावणे हा जास्त टिकणारा मार्ग आहे. दर पंधरवड्याला चहातली साखर अर्धा चमचा कमी करा. दोन महिन्यांत पूर्वीचा चहा तुम्हालाच अति गोड लागेल.

मिठाईच्या दुकानात आणि लग्नाच्या पंगतीत काय विचाराल?

सुट्या मिठाईला लेबल नसते, म्हणून तोंडाने विचारावे लागते. 'व्हेगन आहे का?' असे विचारले तर बहुतेक ठिकाणी 'शुद्ध शाकाहारी आहे' हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी नेमके विचारा:

- यात दूध, खवा, दही किंवा दूध पावडर आहे का?
- हे कशात तळले, कशात परतले? तूप, वनस्पती की तेल?
- पाक साखरेचा की गुळाचा? चिक्कीत लिक्विड ग्लुकोज आहे का?
- एक नग किती ग्रॅमचा?

काही पदार्थांबद्दल आधीच सावध राहा. जिलेबीच्या पिठात अनेक ठिकाणी दही असते. शंकरपाळ्यांत दूध असू शकते. सोनपापडीत वनस्पती किंवा तूप, आणि साखर तर भरपूर. अनारसे तुपात तळलेले असू शकतात. तिळगूळ आणि शेंगदाण्याची चिक्की बहुधा व्हेगन असते, पण काही जण वड्या थापताना ताटाला तूप लावतात. मधुमेहासाठी यांतले काहीच मोकळ्या हाताने खाण्याजोगे नाही.

पंगतीत आग्रह होणारच. 'डॉक्टरांनी नको सांगितलंय' म्हटले की 'एकाने काय होतंय' असे उत्तर येते. त्यापेक्षा काय हवे ते सांगा: 'मला कटाची आमटी अजून वाढा, भाजी वाढा.' वाढणाऱ्यालाही वाढल्याचे समाधान मिळते. यजमान तुम्ही असाल, तर पानात एक बिनतुपाचा, बिनसाखरेचा पदार्थ न सांगता ठेवा. पथ्य असलेल्या पाहुण्याला चारचौघांत स्वतःचा आजार सांगावा लागू नये, एवढी काळजी घेणे आपल्या हातात आहे.

किती खायचे? भाकरीशी अदलाबदल करा

मधुमेहात गोड पूर्ण बंद करावे लागतेच असे नाही. मात्र ते जेवणात वरून घालायचे नाही. जेवणातले काहीतरी काढून त्या जागी ठेवायचे. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. याच्याशी तुलना करा:

- पुरणपोळी: ३० ग्रॅम डाळ, ३० ग्रॅम गूळ आणि २५ ग्रॅम कणीक धरली, तर एका पोळीत साठ ग्रॅमच्या वर कर्बोदके. म्हणजे जवळपास पावणेदोन भाकरी. तूप न घेता ती व्हेगन होते, पण अर्धी पोळी घ्या आणि त्या जेवणात भात-भाकरी टाळा.
- राजगिऱ्याचा लाडू: अर्धा गूळ असलेल्या २५ ग्रॅमच्या लाडवात २० ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या भाकरीहून थोडा जास्त.
- मध्यम पेरू, १०० ग्रॅम: साधारण १४ ग्रॅम, आणि तंतू भरपूर.
- सीताफळाचा गर, १०० ग्रॅम: २० ग्रॅमच्या पुढे. लहान फळ, तेही एकच.
- द्राक्षे, १०० ग्रॅम: साधारण १७ ग्रॅम. घोसातून तोडून खाल्ली की मोजदाद सुटते. वाटीत काढून घ्या.

बहुतेकांसाठी एका वेळच्या खाऊत १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके हे सोयीचे माप आहे. तुमचे माप तुमच्या डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. गोड रिकाम्या पोटी खाऊ नका. भाजी, डाळ, उसळ खाऊन झाल्यावर घ्या आणि नंतर पंधरा-वीस मिनिटे चाला.

खरा निवाडा तुमचे शरीर देते. नवा पदार्थ खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा साखर तपासा. वहीत पदार्थ, वजन आणि दोन्ही आकडे लिहा. बऱ्याच रुग्णांसाठी जेवणानंतर १८० मिलिग्रॅमच्या आत राहणे हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. तुम्हाला डॉक्टरांनी वेगळे दिले असेल तर तेच पाळा. चार-पाच नोंदी झाल्या की तुमच्यापुरती यादी तुमच्याच हाती येते. शेजाऱ्याला चालणारा लाडू तुम्हाला चालेलच असे नाही.

घरी करता येतील असे दोन गोड पदार्थ

तीळ-शेंगदाण्याचे लाडू (१० नग)

- तीळ ५० ग्रॅम, शेंगदाणे ५० ग्रॅम, बी काढलेला खजूर ५० ग्रॅम, वेलदोडा, चिमूटभर मीठ.
- तीळ आणि शेंगदाणे वेगवेगळे खमंग भाजा. शेंगदाण्यांची साले काढून जाडसर कूट करा. तीळ निम्मे कुटा, निम्मे तसेच ठेवा.
- खजूर मऊ ठेचून सगळे एकत्र मळा. तूप लागत नाही. कुटाचे तेल सुटते तेवढे पुरते.
- १५ ग्रॅमचा एक, असे लाडू वळा.

एका लाडवात साधारण सहा ग्रॅम कर्बोदके आणि ७० किलोकॅलरी. साखर फार चढत नाही, पण तेलबियांमुळे उष्मांक बरेच आहेत. म्हणून दिवसाला एक, फार तर दोन.

सोया दुधातली खपलीची खीर (एका माणसाची)

लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, शेतात भज्जी, उंडे, आंबील आणि गव्हाची खीर असते. भज्जी आणि उंडे एरवीही व्हेगनच. आंबिलीत ताक असते. खीर मात्र दोन बदलांनी दोघांनाही चालेल अशी करता येते.

- सडलेला खपली गहू २० ग्रॅम, बिनसाखरेचे सोया दूध १०० मिलिलिटर, गूळ एक चमचा (५ ग्रॅम), सुंठ, वेलदोडा, खोबऱ्याचे काप.
- गहू रात्री भिजवून मऊ शिजवा, थोडा घोटा. गूळ घालून उकळी आणा, आच बंद करा. जरा कोमट झाल्यावर सोया दूध घाला, म्हणजे फुटत नाही.

या वाटीत २० ते २३ ग्रॅम कर्बोदके येतात. नेहमीप्रमाणे माणशी २५ ग्रॅम गूळ घातला तर हाच आकडा चाळिशीवर जातो. खीर घ्याल त्या दिवशी एक उंडा कमी करा. भज्जी पोटभर घ्या, डाळी-भाज्यांमुळे ती सावकाश पचते.

सोयाबीन आपल्याच शेतातले आहे, त्यामुळे दूध घरी करता येते. आठ तास भिजवा, साले काढा, पाण्यात वाटून गाळा आणि किमान १५ ते २० मिनिटे नीट उकळा. कच्च्या सोयाबीनमधले घटक पचनाला त्रास देतात, म्हणून उकळण्यात घाई नको. घरच्या सोया दुधात कॅल्शियम आणि बी-१२ वरून घातलेले नसते, हे लक्षात ठेवा. विकतचे घेत असाल तर 'अनस्वीटन्ड' लिहिलेलेच घ्या.

खाऊ गोडच हवा असे कुठे आहे?

आपल्या भागात खाऊची खरी श्रीमंती बिनसाखरेची आहे. वर्षभराचा क्रम असा लावता येईल:

- श्रावणात: नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या, लसूण-तिखटाची फोडणी दिलेल्या.
- भुईमूग निघाला की: मीठ घालून उकडलेल्या शेंगा, एक वाटी.
- हिवाळ्यात: आगटीतला हुरडा, सोबत शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी. हुरडाही धान्यच आहे, म्हणून वाटीभर. आणि शेजारी ठेवलेला गुळाचा खडा व दही आपले नव्हे.
- हरभरा भरला की: शेतातच भाजलेला हुळा.
- एरवी: फुटाणे, मोड आलेल्या मटकीची उसळ, पेरूच्या फोडी, तीळ-जवसाची चटणी.

उपवास करणाऱ्यांसाठी

नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास करणाऱ्या मधुमेह्यांचा बहुतेक आहार साबुदाणा, वरी, रताळे आणि राजगिऱ्याचे लाडू असा होतो. हे सगळे व्हेगन असू शकते आणि सगळे कर्बोदकांनी भरलेले असते. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याऐवजी शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ओले खोबरे आणि थोडी वरी घ्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपवासाच्या आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. मनाने डोस कमी करू नका आणि लाडू खाल्ला म्हणून वाढवूही नका.

या चार बाबींत गाफील राहू नका

१. साखर उतरली तर लाडू-चिक्की देऊ नका. घाम, थरथर, घाबरल्यासारखे होणे, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे असतील किंवा आकडा ७० च्या खाली असेल, तर तीन लहान चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शेंगदाणे-तिळातल्या तेलामुळे लाडवातली साखर रक्तात उशिरा पोचते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी चालू असेल तर साखर-गूळही लवकर काम करत नाही, ग्लुकोजच लागते. ती पावडर घरात आणि प्रवासात जवळ ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

२. बी-१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकते, आणि दूध पूर्ण सोडल्यावर आहारातूनही ते मिळत नाही. पायांना मुंग्या, बधिरपणा आला की 'साखरेमुळेच' म्हणून सोडून दिले जाते. कारण बी-१२ ची कमतरताही असू शकते. वर्षातून एकदा तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा आणि व्हेगन असाल तर पूरक मात्रा ठरवून घ्या.

३. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर खजूर, सुकामेवा, शहाळे, तीळ-शेंगदाणे यांचे प्रमाण आधी विचारून घ्या. त्यांतले पोटॅशियम आणि फॉस्फरस अडचणीचे ठरू शकते.

४. गरोदरपणातला मधुमेह, लहान मुलांचा मधुमेह यांत या लेखातली मापे थेट लावू नका. तिथे तज्ज्ञांचाच सल्ला घ्या.

घरी ग्लुकोमीटर नसेल तर अडून राहू नका. तीस वर्षांवरील नागरिकांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात होते. गावातल्या आशाताईंना दिवस विचारून घ्या.

ग्राहक म्हणून तुमचे हक्क

- सुट्या मिठाईची मुदत: १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदाराने सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'या तारखेपर्यंत खावे' हे लिहिणे बंधनकारक आहे. दिसत नसेल तर विचारा.
- परवाना किंवा नोंदणी: पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असायला हवा. घरून लाडू-चिवडा करून विकणाऱ्या बचत गटांनाही नोंदणी लागते. ती करून घेतल्याने त्यांच्याही मालाची पत वाढते. ओळखीच्या गटाला हे आवर्जून सांगा.
- खरा दावा: 'शुगर-फ्री' किंवा 'व्हेगन' लिहून आत वेगळेच निघाले, तर ती दिशाभूल आहे. बिल, पाकीट आणि उरलेला पदार्थ जपून ठेवा, छायाचित्रे काढा.
- तक्रार: राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवरही तक्रार नोंदवता येते.
- भरपाई: जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. त्यासाठी वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही.

प्रसाद कसा घ्यायचा?

वयस्कर वाचकांना यातली सगळ्यात अवघड गोष्ट गोड सोडणे ही नसते. प्रसाद परत करणे अवघड जाते. आई तुळजाभवानीच्या दारातून आलेले नाकारायचे कसे, हे त्यांचे दुखणे खरे आहे आणि त्याला 'नका खाऊ' एवढे कोरडे उत्तर पुरत नाही.

पुडी दोन्ही हातांनी घ्या, कुंकू कपाळाला लावा. दूध सोडलेल्यांनी पेढा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातावर ठेवावा. बत्तासा मधुमेह्यांनी कणभर मोडून जिभेवर ठेवावा, बाकीचा वाटून टाकावा. मग उरलेले फुटाणे निवांत बसून, एक एक चावून खा. आणि पुढच्या खेपेला तुम्हीच तुळजापूरला गेलात, तर पथ्याच्या माणसांसाठी एक पुडी नुसत्या फुटाण्यांची बांधून आणा.